सात अक्षरांचं यमक

माझ्या डाव्या भुवईत पाच टाक्यांची खूण आहे. शाळेतल्या पोरी विचारतात, मॅडम, पडला होतात का? मी म्हणते, हो, सायकलवरून. खरं सांगत बसले तर विज्ञानाचा तास जाईल. ती खूण दगडाची आहे. एका बाईनं तो नेम धरून मारला होता आणि मारायची तिला पूर्ण मुभा होती, कारण त्या दिवशी आखाजी होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमचं गाव सोनगीरपासून आत. गावाला लागून नदी, नदीपलीकडे दुसरं गाव. मे महिन्यात नदीत पाणी कुठलं? नुसती वाळू आणि गोटे. लेकी माहेरी आलेल्या, पुरुषमाणसं पारावर पत्ते कुटत बसलेली, आणि दुपार कलली की दोन्ही गावच्या बाया-पोरी गौराई बोळवायला नदीत उतरायच्या. आम्ही अलीकडच्या काठाला, त्या पलीकडच्या. गौराई राहायची बाजूला. आधी शिव्या. चालीतल्या, जोडलेल्या, टाळ्यांवर म्हटलेल्या शिव्या. आणि शिव्यांनी पोट भरलं नाही की दगड.

आमच्या काठाची म्होरकी माझी आई. घरात ती फार बोलायची नाही. बापासमोर तर तिचा आवाज मी ऐकल्याचं आठवत नाही. पण वाळूत उभी राहिली की बाई पेटायची. पदर खोचायची, डावा हात कमरेवर ठेवायची, तो तिचा कोपरात कायमचा वाकडाच होता, आणि उजव्या हातानं पलीकडच्या एकीकडे बोट करून सुरू व्हायची.

'नदीपारनी नवरी, तिना डोकावर गवरी!'

आमचा काठ हसून लोळायचा. आई थांबायची नाही.

'सासू बसनी खाटवर…'

एवढं म्हणून ती मुद्दाम श्वास घ्यायची. आम्ही पन्नास जणींनी पुढचं आधी कधी ऐकलेलं नसायचं, तरी तोंडात यायचं. सगळ्या एका दमात ओरडायच्या, 'रट्टा बसना पाठवर!'

सासू–रट्टा सोडलं तर ओळभर सगळं जुळलेलं. बसनी, बसना. खाटवर, पाठवर. शेवटचं एक अक्षर जुळवून आईचं समाधान व्हायचं नाही. ते शाळेतल्या कवितेला ठीक आहे. नदीच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईला लागायचं तर आख्खी ओळ जाऊन आदळायला पाहिजे. अकरा वर्षांची असताना मी आईच्या शेजारी उभी राहून पहिली जोड फेकली. काय होती ते आठवत नाही, पण बरी असणार, कारण पलीकडून लगेच गोटा आला आणि माझा डोळा रक्तानं भरला. आईनं पदर फाडून कपाळाला बांधला आणि पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

त्या खेळात एकच नियम होता. घरी परत येताना आईनं तो माझ्या दंडाला चिमटा काढून सांगितला होता.

'नाव लेवानं नही. नातं ले. तुनी सासू, तुना भाऊ, काय म्हनशी ते म्हन. नाव लेवानं नही.'

मी विचारलं, घेतलं तर काय होतं? तिनं दुसरा चिमटा काढला, आधीपेक्षा जोरात.

बारावीपर्यंत मी रोज बसनं धुळ्याला जायचे. तिथे कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत काही पोरं गोल करून रॅप करायची. एक जण तोंडानं ठेका धरायचा, एक जण बोलायचा. मी पहिले दोन आठवडे लांबून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. अरे, काय हे! 'यार–प्यार–मार–वार', एवढीच यांची धाव. तिसऱ्या आठवड्यात मी गोलात शिरले आणि त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पोराला आईच्या पद्धतीनं असा झोडपला, की तो परत आलाच नाही.

तिथेच मला माझा गुरू भेटला. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल, पण गुरूच. यंत्रमागाचा जॉबर होता तो, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं मुसलमान घर. मी त्याला भाई म्हणायचे. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे तो साधं बोलतानाही ओरडायचा.

'तेरे को मालूम है तू क्या करती?' त्यानं मला त्या दिवशी विचारलं. 'इसको मल्टी बोलते, एक नहीं, कई अक्षर का काफिया. कुठे शिकली?'

'नदीत,' मी म्हटलं.

त्याच्या मोबाइलमध्ये अमेरिकेतली जुनी गाणी भरलेली होती, आमच्या जन्माच्याही आधीची. त्यानं मला ती क्रमानं ऐकवली. सगळ्यात आधीची म्हणजे नाच रंगवायला म्हटलेली. रेकॉर्ड फिरते आहे, एक जण माइक घेऊन गर्दीला उठवतो आहे, यमक ओळीच्या शेवटी, एका अक्षराचं, सरळ. मग काही वर्षांनंतरची. तिथे आवाज खाली आलेला, माणूस ओरडत नाही, बोलल्यासारखा बोलतो, आणि यमक ओळीच्या पोटात शिरलेलं. एका अक्षराऐवजी दोन, तीन, चार. शब्द वेगळे, पण त्यातले स्वर त्याच क्रमानं येतात, ठोके त्याच जागी पडतात. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळायचं, पण ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. ते मला वाळूत उभं राहून कळलेलं होतं.

'हे पहिल्यांदा कुणी केलं?' मी विचारलं.

'लोग झगडते इसपे,' भाई म्हणाला. 'कुणी एकाचं नाव घेतं, कुणी दुसऱ्याचं. पण मी सांगू? मुकाबल्यानं केलं. समोर दुश्मन उभा असला की एक अक्षरानं भागत नाही.'

त्याच्याकडूनच मला कळलं की तिकडच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत, या गाण्यांच्याही कितीतरी आधीपासून, गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून एकमेकांच्या आईवरून शिव्या जोडायचा खेळ होता. जो चिडला तो हरला. मी हे ऐकून इतकी खूश झाले की भाईच्या पाठीत गुद्दा घातला. म्हटलं, बघा! म्हणजे आमच्या आखाजीचीच भावंडं आहेत ही.

शिकवायची त्याची पद्धत अशी, की तो मला चालू मागाजवळ उभं करायचा. खट, खटाखट, खट. धोटा इकडून तिकडे जातो आणि तितकाच परत येतो, अर्ध्यातून फिरत नाही. 'अक्षर मत गिन, ठोका गिन. पहिली ओळ गेली जितकी, दुसरी आली पाहिजे तितकी.' त्या ठेक्यावर माझी पहिली खरी जोड बसली, जळगावला पुढच्या शिक्षणाला निघाले तेव्हाची. 'मी चालले जळगाव. यायचं तर बळ दाव. जमत नाही? पळ, धाव.' भाई हसला, मग गंभीर झाला. त्याच्या अब्बांचे समोरचे चार दात नव्हते. मागातून धोटा उसळून तोंडावर बसला होता. 'ठोका चुकला की धोटा बाहेर येतो,' तो म्हणाला, 'और किसके मुंह पे जायेगा, पता नहीं.' मी तेव्हा दातांकडे बघितलं, बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

जळगावात मी खोली घेतली ती एका मुलीच्या जोडीनं. ती यावलकडची, केळीच्या बागायतदाराची लेक, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आमचं पहिल्या दिवसापासून जुळलं. ती बारीक, हळू बोलणारी, आणि भरीत असं करायची की मी ताटाला भाकरी पुसून खायचे. माझ्या सगळ्या ओळींची पहिली ऐकणारी तीच. भाकरी थापता थापता म्हणायची, 'हं, म्हण.' आवडलं तर मान हलवायची, नाही तर परातीवर नुसती टकटक करायची, म्हणजे परत कर.

तिच्या घरात तिला शिकू द्यायचं नव्हतं. बापाला समजावून, रडून, तीन दिवस जेवण सोडून तिनं नर्सिंग मिळवलं होतं. अट एकच, की जराही काही कानावर आलं तर शिक्षण बंद आणि लग्न. आणि कानावर येण्यासारखं होतं. दर गुरुवारी ड्यूटी संपल्यावर ती मेहरूण तलावावर एका मुलाबरोबर बसायची. दवाखान्यात एक्स-रे काढणारा होता, जात वेगळी. हे जगात तीन माणसांना माहीत होतं, ती दोघं आणि मी. 'कोर्स संपेपर्यंत,' ती म्हणायची. 'एकदा हातात नोकरी आली की मी सांगेन स्वतः. मग मारू दे त्यांना.'

मारण्याचं ती हसत म्हणायची, पण तिचा मोठा भाऊ खरंच मारायचा. मी त्याला खोलीवर एकदोनदा पाहिलं होतं. धुळ्यात जेसीबी चालवायचा. आणि नशीब बघा, रॅपही करायचा. चांगला करायचा, खोटं कशाला बोलू. पण त्याचं सगळं भांडवल बायकांवर. समोर पोरगा असला तरी त्याची आई, त्याची बहीण, त्याची होणारी बायको. पोरं खिदळायची.

मुकाबला ठरला धुळे विरुद्ध जळगाव, भाईच्या चाचांच्या कारखान्यात, शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी माग बंद असतात. नमाज आटोपून चाचांनी शटर अर्धं उघडून दिलं. आत मागांच्या मधल्या वाटेत साठेक पोरं दाटीनं उभी, हातात मोबाइल, कापसाचा भुसा नाकात जातो आहे. जळगावकडून मी एकटी मुलगी. धुळ्याची पोरं मला घरभेदी म्हणून ओरडत होती आणि मला मजा येत होती. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर तोच आला, माझ्या मैत्रिणीचा भाऊ.

त्यानं सुरुवात माझ्या आईपासून केली. माझा बाप वारून तेव्हा चार महिने झाले होते. विधवा बाई घरात एकटी, रात्री दार कोण वाजवतं, आत कोण घेतं, असं. आणि जोडलं होतं मेल्यानं छान. चार चार अक्षरं जुळवत गेला. साठ पोरं हसली. त्यात जळगावची पण होती. मला तो आवाज अजून ऐकू येतो. माझे कान तापले. आखाजीत आईवरून आम्ही यापेक्षा घाण ऐकलेलं होतं, पण तिथे आई शेजारी उभी असायची, उलट फेकायला.

मी तोंड उघडलं. पहिल्या दोन जोड्या तयार होत्या, त्या टाकल्या. मग मी त्याच्याकडे बघितलं, आणि डोक्यात काही नव्हतं, नुसता ठोका होता. मी एक ओळ म्हटली. सात अक्षरांचा शेवट होता तिचा, तोंडाला येईल तसा. म्हणून झाल्यावर मला कळलं, की याला जुळणारी सात अक्षरं मला माहीत आहेत. त्याच्या बहिणीचं नाव चार अक्षरांचं, आडनाव तीन. स्वर तेच, ठोके तेच. इतकं नेमकं मला आयुष्यात कधी सापडलं नव्हतं.

ती पहिली ओळ मी इथे लिहीत नाही. ती वाचली की दुसरी कुणीही पूर्ण करेल. यमकच तसं होतं.

मी आईसारखा श्वास घेतला. त्या श्वासात मी थांबू शकले असते, हे मला स्पष्ट आठवतं. धुळ्याच्या पोरांना त्याचं आडनाव माहीत होतं, कुणाकुणाला बहिणीचं नावही. त्यांच्या तोंडात ते आलं. मी गुरुवार म्हटलं, तलाव म्हटलं, आणि शेवटची सात अक्षरं माझ्याबरोबर अर्ध्या कारखान्यानं म्हटली. तिचं नाव. पूर्ण.

पत्र्याचं छप्पर उडेल असा कल्ला झाला. पोरांनी मला उचललं. मी जिंकले होते. वरून मला दिसला तो, एकटा, हेल्मेट उचलताना. त्याचा चेहरा रिकामा होता. तो शटरखालून वाकून बाहेर गेला आणि गाडीला किक मारल्याचा आवाज आला.

भाईनं मला खाली ओढलं आणि दंड धरून हलवलं. 'पागल! क्या बोली तू? किसका नाम लिया?'

तेव्हा मला कळलं.

तिचा फोन लागत होता, उचलत नव्हती. वॉर्डात ड्यूटी असली की फोन कपाटात ठेवावा लागायचा. मी कॉलेजच्या ऑफिसला लावला, तिथे म्हणे निरोप देऊ. भाईनं मला बसस्टँडवर सोडलं. धुळे ते जळगाव अडीच तास. पारोळ्याला कंडक्टर चहाला उतरला तेव्हा मी खिडकीतून त्याला इतक्या शिव्या घातल्या की शेजारची म्हातारी उठून दुसरीकडे बसली. बसमध्येच माझ्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला. कुणीतरी तिचं नाव तीनदा वाजेल असा कापून लावला होता, खाली हसणारी तोंडं. एरंडोलपर्यंत तो मला चार जणांकडून आला.

खोलीखाली त्याची गाडी उभी होती. घरमालकीण जिन्यात उभी, पदर तोंडाला लावून. मी म्हटलं, काकू, काय झालं? म्हणाली, 'त्यांचं घरचं आहे गं, आपण कशाला पडायचं.' वरून आवाज येत होता. ओरडण्याचा नव्हता. कणकेचा गोळा ओट्यावर आपटावा तसा, थांबून थांबून.

दार ढकललं. ती ओटा आणि कपाट यांच्या सांदीत बसलेली होती, डोक्यावर दोन्ही हात धरून, आणि तो हेल्मेटनं मारत होता. तोंडावर, हातांवर, परत तोंडावर. पांढरा युनिफॉर्म छातीपासून लाल. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, माणसाचं तोंड तसं असत नाही. मी तवा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. पहिला कानावर बसला, कान फाटला. दुसरा घालायच्या आत त्यानं मला भिंतीवर फेकलं, श्वास कोंडला माझा. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यानं हेल्मेट खाली ठेवलं, कानाला हात लावून रक्त बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, 'तूच सांगितलंस. मी फक्त ऐकलं.'

आणि निघून गेला. जिन्यात घरमालकीण बाजूला झाली, त्याला वाट द्यायला.

जबडा दोन जागी मोडला होता. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती आणि तीन दात पडले होते. दवाखान्यात दातांना तारा बांधून तोंड बंद केलं. बाप आला, आई आली. पोलिस आले तेव्हा घरच्यांनी सांगितलं, जिन्यावरून पडली. तिनं मान हलवली, हो. मी मधे बोलायला गेले तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले.

तिसऱ्या दिवशी तिचे आईवडील खाली गेलेले बघून मी तिच्या खाटेजवळ गेले. 'माफ कर' म्हणायला गेले होते. तिनं डाव्या हातानं मोबाइलकडे बोट केलं. मला वाटलं, कुणाला फोन लावायचा असेल. तिला तो व्हिडिओ हवा होता. मी नाही म्हटलं. तिनं बोट खाली घेतलं नाही. लावून दिला. तिनं पूर्ण बघितला, परत बघितला, तिसऱ्यांदा बघितला. मग कागद मागितला आणि डाव्या हातानं, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, लिहिलं: यमक चांगलं होतं.

मी ते वाचून वर बघितलं आणि तिनं मला एक मारली. डाव्या हाताची, कानशिलात, होता नव्हता तेवढा जोर काढून. तारांमागून तिच्या घशातून आवाज आला, तो मी लिहू शकत नाही. मला ती थप्पड हवी होती. मी तिथेच उभी राहिले, दुसरी मारेल म्हणून. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

डिस्चार्ज झाल्यावर तिला गाडीत घालून यावलला नेलं. कोर्स सुटला. तो एक्स-रेवाला महिनाभरात बदली घेऊन गेला, तिला बघायला एकदाही आला नाही.

मी गावी गेले तर आई दारातच उभी. व्हिडिओ तिच्यापर्यंत आलेला होता. कपडे धुवायची मोगरी होती तिच्या हातात. तिनं मला अंगणात ओढलं आणि मारलं, पाठीवर, पोटऱ्यांवर. शेजारच्या अक्का सोडवायला आल्या तर त्यांच्यावरही मोगरी उगारली. थकली तेव्हा खाली बसली, घामानं निथळत, आणि तो वाकडा डावा हात माझ्या तोंडासमोर धरला.

'हाऊ कसा मोडना, माहीत शे तुले?'

मला लहानपणापासून माहीत होतं, विहिरीवर घसरून मोडला.

विहीर नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला पलीकडच्या एकीनं यमकाच्या भरात माझ्या आईचं नाव घेतलं, आणि जुळवायला म्हणून गावच्या एका माणसाचं. काही नव्हतं त्यात. नुसतं जुळत होतं. बापानं पारावर बसून ऐकलं. पत्त्यांचा डाव पुरा केला, घरी आला, आणि दाराच्या अडसरानं तिचा हात मोडला. नियम त्यानंतर झाला. आईनंच केला, दोन्ही काठांना कबूल करायला लावला, आणि मग पुढची पंचवीस वर्षं त्याच नदीत उभी राहून त्याच बायांना शिव्या दिल्या.

हे तिनं मला आधी का नाही सांगितलं, यावर आम्ही त्या दिवशी भांडलो. खूप भांडलो. 'तू फक्त चिमटे काढलेस,' मी ओरडले. ती म्हणाली, चिमटा पुरायला पाहिजे होता.

त्यानंतर मी मुकाबला केला नाही. भाई दोनदा जळगावला आला समजवायला, मी भेटले नाही. आणि मैत्रिणीचा भाऊ? तो गातो अजून. त्याचा फाटका कान त्याच्या पोस्टरवर असतो, पोरांना फार आवडतो. मला हे लिहितानाही हातात तवा घ्यावासा वाटतो.

गेल्या आखाजीला आईला दगड लागला. या वयात जाऊ नकोस म्हटलं होतं, ऐकते कुठली. कपाळ चांगलं चार बोटं उघडलं. मी फडकं दाबून धरलं आणि जीप करून तिला धुळ्याला सरकारी दवाखान्यात आणलं. आई जीपमध्येही बडबडत होती, की जोड तिचीच भारी होती.

अपघात विभागात तीन सिस्टर होत्या. दोघींच्या छातीवर नावाची पट्टी होती. तिसरीच्या नव्हती. तिनं ट्रे घेतला आणि आमच्याकडे वळली, आणि मी तिला जबड्यावरून ओळखलं. डावीकडे थोडा उतरलेला. उजव्या हाताची दोन बोटं सरळ, न वाकणारी, पण कात्री त्यांच्यातून सफाईनं फिरत होती. म्हणजे नर्सिंग तिनं पुरं केलं होतं. कसं, किती वर्षं घालवून, कुणाशी भांडून, मला काही माहीत नाही. मी भिंतीला टेकले.

तिनं मला पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. 'फडकं काढा,' म्हणाली. तुम्ही म्हणून. शब्द जरा दाटलेले येत होते.

डॉक्टरांनी टाके घातले, ती आईचं डोकं धरून उभी. आईनं हूं की चूं केलं नाही. डॉक्टर गेल्यावर ती पट्टी करू लागली, आणि आईला तिचा हात हलका वाटला असावा, कारण आई एकदम मायेनं म्हणाली, 'तुनं नाव काय शे, माय?'

पट्टीचा हात थांबला.

'सिस्टर म्हणा,' ती म्हणाली.

मग तिनं इंजेक्शन भरलं. 'डावा हात सरळ करा, आई.'

'होत नही सरळ.'

'कधीचं आहे?'

'जुनं शे. कोनीतरी मनं नाव लिधं व्हतं.'

ती आईकडे बघत राहिली. आई तिच्या जबड्याकडे. मग आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्या पांढऱ्या पट्टीखालून तिला सगळं कळल्याचं मला दिसलं. तिनं तो वाकडा हात उचलला आणि सिस्टरच्या मनगटावर ठेवला.

'मी नाव इचारं, चूक व्हयनी मनी,' माझी आई म्हणाली. तिला कधी कुणाकडे चूक कबूल करताना मी पाहिलं नव्हतं.

'असू द्या,' ती म्हणाली आणि इंजेक्शन दिलं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. 'माफ कर' हे शब्द इतकी वर्षं तोंडात होते, आताही होते. तिनं रजिस्टर ओढलं, पेन त्या दोन सरळ बोटांत धरलं.

'पेशंटबरोबर कोण?'

'मुलगी.'

'नाव?'

मी माझं नाव सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं, एकेक अक्षर, वर न बघता. मग रजिस्टर मिटलं आणि म्हणाली, 'पुढचे या.'